भोवत्याला फांदी नको होती

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, सूर्य मावळायच्या थोडं आधी, अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळी तालुक्यात एका गवताळ माळावर भोवत्या जातीची एक मादी सोडण्यात आली. डिसेंबरमध्ये हरभऱ्याच्या वावराभोवती लावलेल्या जाळ्यात अडकून तिचा डावा पाय मोडला होता. सोडताना तिथे तिच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. प्रणिता इंगळे होत्या, ज्यांच्या वावरात ती सापडली त्या शोभाबाई खंडारे होत्या, वनविभागाचे एक कर्मचारी होते आणि मी होतो.

भोवत्या हा शिकारी पक्षी आहे. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा, शेतावरून अगदी खालून संथ तरंगत जाणारा. पावसाळा सरला की मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून तो वऱ्हाडात येतो आणि मार्चच्या सुमारास परत जातो. गावात त्याला वेगळं नाव फारसं कोणी देत नाही. सरसकट ससाणा म्हणतात.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा संक्रांतीनंतर, दुसऱ्यांदा सोडण्याच्या वेळी. आधी पहिल्या फेरीबद्दल.

बडनेरा ते नांदगाव खंडेश्वर

बडनेरा स्टेशनवर डॉ. इंगळे स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. अमरावतीत त्यांचं काम होतं. ते आटोपून संध्याकाळी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका माळावर भोवत्यांचा रातनिवारा पाहायचा आणि रात्री अकोला गाठायचं, असं ठरलं होतं. हे पक्षी दिवसभर एकेकटे फिरतात आणि संध्याकाळी एका जागी जमतात, एवढं मी वाचलं होतं. डॉक्टरांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. त्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्या तपासतात. पक्ष्यांचं काम घरामागच्या शेडमध्ये, वनविभागाच्या परवानगीने, ड्यूटी संपल्यावर. त्यांच्याकडे येतात त्या मुख्यतः मांजाने कापलेल्या घारी, घरट्यातून पडलेले पिंगळे आणि काचेवर आदळलेले शिकरे.

वाटेत गिलावडा खाल्ला. उडदाचा वडा ताकात भिजवून वर तिखट-गोड चटणी. आमच्या साताऱ्यात याला दहीवडा म्हटलं असतं, असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाल्या, "इथे असं मोठ्यानं बोलू नका. खाऊन घ्या गुपचूप."

गाडीतच त्यांनी भोवत्याची अडचण सांगितली. हाड जुळलं होतं. पट्टी काढून बरेच दिवस झाले होते. पण पक्षी उभा राहत नव्हता. पिंजऱ्यातल्या आडव्या बांबूवर बसवला की थोडा वेळ तग धरायचा, मग खाली उतरून कोपऱ्यात पोटावर बसायचा. डॉक्टर त्याला उचलून पुन्हा वर बसवायच्या. आता दोन्ही तळव्यांना सूज आली होती आणि उजव्याला जखम व्हायला लागली होती. मोडला होता तो डावा.

"बाकीचे मार्चमध्ये जातील," त्या म्हणाल्या. "तोवर हिला उभं राहता आलं नाही, तर मला 'सोडण्यास अयोग्य' असं लिहून द्यावं लागेल. मग कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयात, कायमची."

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. गवत गुडघ्याच्या वर, वाळून सोनेरी झालेलं, मध्ये मध्ये बाभळी. कडेला विजेच्या तारांवर एक घार होती. एका बाभळीच्या शेंड्यावर तिसा बसला होता. हाही शिकारी पक्षी, शिकऱ्यासारखाच पण थोराड. आम्ही धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दगडांमागे बसलो. मी दुर्बीण तिकाटण्यावर लावली.

पहिला भोवत्या पूर्वेकडून आला. मग दोन. मग मोजणं सोडून दिलं. ते गवतावरून फेऱ्या मारत, एखादा खाली उतरे, पुन्हा उठे, थोडं पुढे जाऊन परत उतरे. उतरला की दिसेनासा होई. एक मात्र गवत कमी असलेल्या तुकड्यात उतरला आणि तो दुर्बिणीत पूर्ण दिसला. तो जमिनीवर उभा होता. दोन्ही पायांवर, ताठ. पोट जमिनीपासून चांगलं वर. त्याने चार पावलं टाकली, गवताचा एक झुबका पायाने दाबला आणि त्यावर स्थिर झाला.

डॉक्टरांनी दुर्बीण घेतली. मग ती बाभळींकडे वळवली.

"बाभळीवर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसा."

"भोवत्या एकही नाही?"

मी सगळ्या बाभळी पाहिल्या. एक भोवत्या थोडा वेळ धुऱ्याच्या दगडावर बसला होता, तो दगडही जमिनीपासून वीतभरच उंच. झाडावर एकही नव्हता.

"आणि मी तिला रोज उचलून बांबूवर बसवते आहे," डॉक्टर म्हणाल्या. अकोल्यापर्यंत त्यांनी गाडी जरा जोरातच चालवली.

अकोला

शेड घरामागे, पत्र्याचं, दोन बाजूंनी जाळी. पाच कप्पे. एकात पंख बांधलेली घार, एकात पिंगळा. शेवटच्या कप्प्यात भोवत्या. मादी तपकिरी, चेहऱ्याभोवती फिकट कडं, पिवळे डोळे. ती कोपऱ्यात पोटावर बसली होती. तिच्या वर, कप्प्याच्या मधोमध, बांबूचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा खांब होता. आडव्या भागाला सुतळी गुंडाळलेली.

असे खांब मी दुपारी वाटेवरच्या प्रत्येक हरभऱ्याच्या वावरात पाहिले होते. त्यांना पक्षीथांबे म्हणतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. थांबे लावले की कोतवाल, साळुंक्या त्यांवर बसतात आणि अळ्या वेचून खातात. कृषी विभाग शिफारस करतो, शेतकरी लावतात. हा थांबा शोभाबाईंनी आपल्या वावरातून उपटून, एसटीच्या टपावर टाकून आणला होता. पाखराला बसायला नीट जागा हवी म्हणून. डॉक्टरांना तो पटला होता, कारण शिकरा आणि घार अशाच खांबावर बऱ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी दिव्यासमोर क्ष-किरणांची फिल्म धरून पाय समजावून सांगितला. पक्ष्याचा जो गुडघा आपल्याला उलटा वळलेला वाटतो, तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. घोट्याखाली जी काठीसारखी नळी दिसते, ती तळपायाची हाडं जुळून झालेली. म्हणजे पक्षी कायम चवड्यांवर उभा असतो. भोवत्याची ही नळी लांब आणि बारीक. शेजारच्या कप्प्यातली घार तिच्या दीडपट तरी जड, पण घारीची नळी आखूड.

"गवतात वरून पाय घालून उंदीर किंवा टोळ उचलायचा, तर पाय लांब हवा," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की दवातून पोटही वर राहतं. अंडीसुद्धा ते जमिनीवरच घालतात, तिकडे, त्यांच्या देशात."

मी विचारलं, मग पाय पाहूनच हे कळायला नको होतं का?

"नाही. तिथेच चुकलं. शिकऱ्याचेही पाय लांब आणि बारीकच असतात, आणि तो झाडावरचा. नुसत्या लांबीवरून काही सांगता येत नाही. बोटं, तळवा, शिकार कशी करतो, झोपतो कुठे, हे सगळं मिळून बघावं लागतं. मी नळी पाहिली आणि शिकरा समजून चालले." त्यांनी पक्षी टॉवेलमध्ये धरून तळवे दाखवले. गोल बांबूवर सगळा भार तळव्याच्या मधल्या गादीवर येत होता. सूज बरोबर तिथेच होती. डाव्या पायाच्या बाहेरच्या बोटाला नख नव्हतं. ते मुळापासून जाळ्यात तुटलं होतं आणि पुन्हा येणार नव्हतं.

त्याच रात्री थांबा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारातली भुसभुशीत काळी माती चार घमेली आणून कप्प्यात पसरली. वर वाळलेल्या गवताच्या पेंढ्या सोडून टाकल्या. एका बाजूला सपाट दगड ठेवला. मी माती टाकत होतो तेव्हाच शोभाबाई आल्या.

शोभाबाई पन्नाशीच्या. हिरवं लुगडं, पायात स्पोर्ट्स शूज, हातात डबा. दर आठवड्याला त्या गावाहून एसटीने पाखराला भेटायला येत. पहिल्यांदा त्याला आणलं तेही एसटीनेच, टोपल्यात घालून, वर पदर धरून. कंडक्टरने विचारलं होतं, टोपल्यात काय आहे. त्यांनी कोंबडी म्हणून सांगितलं होतं.

भिंतीला टेकवलेला थांबा त्यांना दिसला.

"हा काहून काढला?"

"मावशी, तिच्या पायाले तो सोसून नाई राहिला," डॉक्टर म्हणाल्या. घरी त्याही वऱ्हाडीच बोलतात.

"सोसून नाई राहिला? चांगली सुतळी गुंडाळली होती म्या. तुमीच तर म्हटलं, मावशी, लय छान."

"म्हटलं. चुकलं माहं."

"आन् आता मातीत ठुता? वाघाच्या जातीचं पाखरू कोंबडीवानी मातीत?"

"कंडक्टरले तुमीच कोंबडी सांगतलं होतं, मावशी."

शोभाबाई हसल्या नाहीत. जाळीजवळ जाऊन खाली बसल्या. भोवत्या कोपऱ्यातच होती. आम्ही तिघं बाहेर पायरीवर बसून डबा उघडला. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर होती. आमच्याकडे पाहुण्याला "थोडं वाढू का?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत. भाकर हातावर पडते, वर "घ्या, कायले लाजता" एवढंच.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा शोभाबाईंनी डॉक्टरांच्या दंडाला चिमटा काढला. कप्प्यात भोवत्या उठली होती. गवताच्या एका झुबक्यावर ती दोन्ही पायांवर उभी होती. मान वर, डावा पाय थोडा बाहेर. काही वेळाने तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"असंच," शोभाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जाळ्यात सापडायच्या पयले वावरात असंच पायलं होतं म्या तिले. ढेकळायवर. थांब्यावर कोतवाल बसलेला अन् हे खाली. मले वाटलं याले थांबा भेटला नसन, कोतवालानं अडवला असन." त्यांनी भिंतीच्या थांब्याकडे हात केला. "म्हून तर आणून देल्ला."

डॉक्टर म्हणाल्या, "मले बी तसंच वाटलं असतं."

जाताना शोभाबाईंनी थांबा खांद्यावर घेतला. "वावरातच लागन कामी," त्या म्हणाल्या.

बार्शीटाकळी

त्या आठवड्यात एकदा मी शोभाबाईंचं वावर पाहायला गेलो. गावाबाहेर, नाल्याच्या कडेला. हरभरा फुलावर आला होता. चारी बाजूंनी जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या: गुलाबी, जांभळ्या, एक जरीकाठाची. आधी तिथे मासे धरायचं नायलॉनचं जाळं होतं. रोही, म्हणजे नीलगाय, रात्री येऊन हरभरा खातो. जाळं लावलं की अडतो. पण त्याच जाळ्यात, सकाळी, पाय अडकून उलटी लोंबकळणारी भोवत्या त्यांना सापडली होती.

"त्या दिवशीच गुंडाळलं जाळं," शोभाबाई म्हणाल्या. "साडी रोह्याले दिसते, पाखराले बी दिसते. जाळं कोणाले दिसत नाई. मलेच दिसत नाई."

"साडीने रोही येत नाही का?"

"येते ना. तो कोपरा खाल्ला पुरा." त्यांनी हाताने दाखवलं. तिथे नुसते खुंट उभे होते. "माणसानं खाल्लं असतं त मी भांडली असती. रोह्याशी काय भांडाव?"

वावरात तुषार सिंचनाची फवारणी नुकतीच थांबली होती. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. दहा पावलांत काळी माती बुटांना एवढी चिकटली की पाय उचलेना. अकराव्या पावलाला उजवा बूट आतच राहिला आणि पाय मोज्यासकट चिखलात गेला.

शोभाबाईंनी वळून पाहिलं. "बसा आता इथंच, भाऊ. तुमच्याहून माहं पाखरू बरं चालते."

बूट काढताना बाजूच्या चिखलात पक्ष्याच्या पावलांची एक लांब रांग दिसली. तीन बोटं पुढे, एक मागे, प्रत्येक बोटापुढे नखाचं बारीक भोक. दोन पावलांतलं अंतर कोतवालाचं किंवा साळुंकीचं असणं शक्य नव्हतं. भोवत्या अजून या वावरात येत होते, आणि चालत होते. मी मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, "आपल्या बाईचंही पाऊल असंच. फक्त एक भोक कमी."

शोभाबाईंनी तो निरोप मला दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर मी साताऱ्याला परतलो. डॉक्टर मधूनमधून कळवत राहिल्या. उजव्या तळव्याची जखम सुकली. सूज उतरली. पक्षी मोठ्या कप्प्यात हलवला, तिथेही मातीवर. उंदीर सोडला तर तो पाय लांब करून गवतातून उचलू लागला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला: "या. अयोग्य लिहायची वेळ आली नाही."

माळावर

सोडायची जागा शोभाबाईंनी सुचवली. त्यांच्या वावरापासून जवळ, गावची ई-क्लास जमीन. वऱ्हाडात गावच्या सरकारी चराऊ जमिनीला असं म्हणतात. तिथे गवत अजून उभं होतं. शोभाबाईंचे दीर गावच्या समितीत होते. एरवी हे गवत त्याच आठवड्यात कापायला निघतं. कापणी धुळवडीनंतर करावी, असं त्यांनी बैठकीत मांडलं आणि बैठकीने ते मान्य केलं. एकाने विचारलं होतं, एका पाखरासाठी? दिरांनी सांगितलं, एका नाही, संध्याकाळी येऊन पाहा किती येतात. तो येऊन पाहून गेला होता.

दुपारी शोभाबाईंच्या वावरात रोडगे झाले. गव्हाच्या जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तूप घालायचं, सोबत वांग्याची तिखट भाजी आणि वरण. आमच्याकडे वांगी भरून करतात, तीही चांगली लागतात, असं मी म्हणालो. शोभाबाईंनी आणखी एक रोडगा फोडून पानात टाकला.

कलत्या उन्हात आम्ही माळावर गेलो. पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी विचारलं, वर उडवायचा का, फोटो चांगला येईल. डॉक्टर नाही म्हणाल्या. खोकं जमिनीवर ठेवलं. झाकण शोभाबाईंनी उघडलं आणि त्या मागे सरकल्या.

भोवत्या लगेच उडाली नाही. ती खोक्यातून चालत बाहेर आली. पाच-सहा पावलं गवतात गेली आणि उभी राहिली. पाठ आमच्याकडे. वाऱ्याने पाठीवरची पिसं उलटत होती.

"उडून काहून नाई राहिली?" शोभाबाईंनी विचारलं.

डॉक्टर पक्ष्याकडेच पाहत होत्या.

"डॉक्टरीनबाई, पंखाले त काही झालं नाई ना?"

"पंखाले काही नाई झालं, मावशी. थांबा."

"थांबलीच हाव. दोन महिने थांबलीच हाव."

पश्चिमेकडून पहिला भोवत्या आला. राखाडी नर, पंखांची टोकं काळी. तो आमच्यावरून गेला, वळला, माळाच्या दुसऱ्या टोकाला गवतात उतरला. मग आणखी दोन आले. मादीने मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. ती खाली दबली आणि उठली. पहिल्या झेपेला डावा पाय लोंबता दिसला. मग दोन्ही पाय शेपटीखाली गेले. गवताच्या शेंड्यांवरून तिने एक मोठी फेरी मारली. पाय खाली सोडले, वाऱ्यावर क्षणभर थांबली आणि इतर उतरले होते त्या बाजूला गवतात उतरली. परत उठली नाही.

वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी वेळ लिहून घेतली. शोभाबाईंनी रिकामं खोकं उचललं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "चालत गेली. माहेरून जाते तशी."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो. भोवत्या उजाडताच निघून गेले होते. ती उतरली होती तिथे गवत दबलेलं होतं आणि पांढरी ताजी शीट होती. तुटलेली पिसं किंवा कोल्ह्याची खूण नव्हती. त्या दबलेल्या जागेवर रात्री तीच होती की दुसरा कोणी, हे सांगता येत नाही. मी त्याच दिवशी परत निघालो.

फेब्रुवारीच्या अखेरीस शोभाबाईंनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. हरभऱ्याला शेवटचं पाणी दिल्यानंतरचा, त्यांच्याच वावरातला. बाजूला मापासाठी त्यांनी आपला पंजा ठेवला होता. डॉ. इंगळे यांनी तो मोठा करून पाहिला आणि मग मीही पाहिला. ओल्या काळ्या मातीत पावलांची एक रांग पक्षीथांब्याच्या बाजूने पुढे गेली आहे. उजव्या प्रत्येक पावलात नखांची चार भोकं आहेत. डाव्या प्रत्येक पावलात तीन. बाहेरच्या बोटापुढची माती सपाट आहे.